उंदीरवाल्या बाई आणि माझं यकृत

आधी नाव घ्यायचं ते बाईंचं. खरं नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्या चिडतील. तळोज्याच्या आमच्या औषधांच्या कंपनीत त्यांना सगळे उंदीरवाल्या बाई म्हणायचे आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी निवृत्त होईपर्यंत गाडी चालवली, बायकोला आणि पोरीला परंड्याकडून नावड्याला आणलं, पोरगी शिकली. यातलं निम्मं बायकोनं केलं आणि उरलेलं बाईंनी. माझं काय, मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. स्टिअरिंग धरणं आणि घाबरणं, या दोनच गोष्टी मला पक्क्या येतात.

काय झालं ते सांगतो, पण बाई कशा होत्या ते आधी सांगायला पाहिजे. नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही.

ऐंशी सालाच्या आगेमागे मी कंपनीच्या स्टाफ बसवर होतो. सकाळी नावड्याहून रिकामी गाडी घेऊन वाशीला जायचं, तिथून माणसं भरून तळोज्याला आणायची, संध्याकाळी उलट. बाई वाशीहून चढायच्या. अंगानं काडी. सुती साडी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिंप्याची टेप. डॉक्टर लोक नळी अडकवतात तशी. ती टेप शोभेची नव्हती. वॉचमन असो की मॅनेजर, बाई "थांब" म्हणायच्या, कमरेभोवती टेप फिरवायच्या आणि वहीत आकडा टिपायच्या. वहीत नाव कधी लिहायच्या नाहीत. "बस, तिसरी सीट, खिडकी" एवढंच. टायपिस्ट मुली बाई दिसल्या की ओढणी सावरत जिन्यानं पळायच्या.

कशी आहे तब्येत, असं त्या कुणालाच विचारत नसत. "काल रात्री काय जेवलास?" हा त्यांचा नमस्कार. आणि उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न, "आणि त्याच्यानंतर?" त्या दुसऱ्या प्रश्नाला भले भले गडबडायचे. कारण जेवण झाल्यावर डब्यातला लाडू खाल्लेला असायचाच.

कंपनीत त्यांचं काम उंदरांवर गोळ्या तपासायचं. पण त्यांनी आपल्या हौसेनं चार पिंजरे वेगळे ठेवले होते. तिथल्या उंदरांना त्या साखर चारायच्या, फुगवायच्या आणि पुढे त्यांच्या यकृताचे पातळ काप काढून लाल रंगात बुडवून बघायच्या. चरबी असली की तो रंग धरते. त्या उंदरांची नावं खेड, चिपळूण, गुहागर, मंडणगड अशी. एखाद्या सकाळी बाई काळवंडलेल्या तोंडानं चढायच्या आणि म्हणायच्या, "आज चिपळूण गेला." नवीन माणूस बिचारा विचारायचा, कोण होते तुमचे.

यकृत हा शब्द मी त्यांच्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकला. सगळे लिव्हर म्हणायचे. बाई यकृत म्हणायच्या आणि पुढे 'बिचारं' जोडायच्या. पोटाच्या मागे सगळ्या घराची कामं उपसणारी एखादी सून असावी, तसं त्या यकृताबद्दल बोलायच्या.

बसमध्ये स्टोअरचा एक क्लार्क होता, चांगलाच जाडजूड. पोरं त्याला गोडाऊन म्हणायची. एकदा तो चढला तसा मागून कुणीतरी, गाडी कललीय, एका बाजूला बसा, असं ओरडला आणि हशा पिकला. बाईंनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. बेलापूरच्या पुढे, भर रस्त्यात. उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या पेशी उपाशी आहेत. भरल्या ताटासमोर बसून उपाशी. तुमच्यावर तशी वेळ आली तर तुम्हीही खात सुटाल." मग मला म्हणाल्या, "चल." हसणाऱ्यांना काही कळलं नाही, पण हसणं बंद झालं. क्लार्क पुढे रोज बाईंसाठी सोनचाफ्याचं एक फूल आणायचा.

बाईंची जागा माझ्या बरोब्बर पाठीमागे. दोन वर्षं त्या माझ्या मानेकडे बघत होत्या, हे मला माहीत नव्हतं. एक दिवस म्हणाल्या, "तुझी मान काळी पडलीय." मला लाज वाटली. घरी जाऊन वजरीनं खसाखसा घासली, सालटी निघाली. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, घासून जायची नाही, ती आतून आलीय.

गावाकडे मी खारकेसारखा होतो. इथं आलो आणि फुगलो. एकट्या माणसाला दुसरं काय असतं? कँटीनमध्ये भात हवा तेवढा. बसून काम. आणि चहा, दिवसाला दहा कप, प्रत्येकात तीन चमचे साखर. दर पत्रात बायको विचारायची की आम्हाला कधी नेता, आणि मी लिहायचो की कायम झालो की. कायम व्हायला राहिली होती फक्त मेडिकल.

मेडिकलमध्ये डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं घातली, रक्त घेतलं आणि आठवड्यानं बोलावलं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, घाईत असायचे. कागद बघत म्हणाले, "काय रे, रोज किती घेतोस?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्यांना घरचं सगळं सांगून टाकलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, दारूनं गेले. पोटात पाणी झालेलं, डोळे हळदीसारखे. त्यांच्यापायी माझी शाळा सुटली आणि मी ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. आईच्या पायावर हात ठेवून सांगितलं होतं की थेंब घेणार नाही, आणि नव्हताच घेतला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सगळे असंच सांगतात. लिव्हर सुजलीय, रक्तातला आकडा असायला हवा त्याच्या दुपटीच्या वर आहे. दारुड्या माणसाच्या हातात मी चाळीस माणसं देऊ शकत नाही. तीन महिने देतो. तेल-तूप बंद कर, आणि ती दुसरी गोष्टही बंद कर.

जी करतच नव्हतो ती बंद कशी करणार? मग तेलाच्याच मागे लागलो. नावड्याला मी ज्यांच्या खोलीत राहायचो त्या मावशी तिथल्याच, जुन्या घरच्या. त्यांना फक्त लिव्हर सुजलीय एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तेल बंद कर, रस पी. आमचे घरान सगल्यांची कावील रसानीच गेली हाय." हेच मला आईनं पत्रात लिहिलं, हेच डेपोतल्या सगळ्यांनी सांगितलं. काविळीला उसाचा रस, गूळ-फुटाणे, ग्लुकोजची पावडर. आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट. मी जिवाच्या आकांतानं रस प्यायला लागलो. कळंबोली नाक्यावरच्या रसवंतीत सकाळी दोन ग्लास, संध्याकाळी दोन. जेवण म्हणजे कोरडा भात आणि त्यावर साखर. दीड महिन्यानं डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं. आकडा वाढलेला. ते कागद खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मला शिवीपेक्षा लागलं.

त्याच आठवड्यात कळंबोली नाक्यावर गाडी पंक्चर झाली. बाई खाली उतरून उभ्या होत्या. रसवंतीवाला लांबून मला म्हणाला, काय डायवर, आज चार ग्लासांवर भागणार का पाच काढू? बाईंनी मान वळवली आणि विचारलं, "चार कसले?"

मी सगळं सांगितलं. अण्णांपासून. बाईंनी वही काढली आणि "कळंबोली, रस, चार ग्लास" एवढं टिपलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये आल्या, इंजिनच्या झाकणावर बसल्या आणि मला शिकवायला लागल्या. शाळा सुटल्यावर मला कुणी शिकवल्याची ती पहिलीच वेळ.

"जेवलास की रक्तात साखर येते," त्या म्हणाल्या. "मग इन्शुलिन नावाचा निरोप्या सुटतो. पेशींच्या दारोदार सांगतो, साखर आत घ्या. पोटाच्या चरबीला सांगतो, तुझा माल सोडू नकोस. यकृताला दोन निरोप देतो. एक, तू स्वतः साखर बनवणं थांबव. दोन, उरलेल्या साखरेची चरबी करून ठेव. आता तुझी घरं बहिरी झालीयत. एका निरोप्याचं ऐकत नाहीत म्हणून शरीर दहा पाठवतं. तुझी मान काळी झाली ती त्या गर्दीनं. पोटाची चरबी बहिरी, म्हणून दार सताड उघडं, माल रक्तात, रक्तातून थेट यकृतात. आणि यकृत बिचारं अर्धंच बहिरं. पहिला निरोप त्याला ऐकू येत नाही, दुसरा बरोबर येतो. असं का, ते मला माहीत नाही. कुणीच अजून नीट सांगितलेलं नाही. मला नुसता संशय आहे."

मी विचारलं, एवढा माल येतो तर यकृत तो बाहेर का काढत नाही?

"काढतं की. प्रथिनाच्या गोणीत भरून रक्तात सोडतं. पण दिवसाला दहा गाड्या सुटणाऱ्या डेपोत पंधरा गाड्यांचा माल आला तर काय होईल?"

"पडून राहील," मी म्हणालो.

"पेशीपेशीत थेंब होऊन पडून राहतो. आणि पडून राहिलेलं तेल खवट होतं. त्यानं पेशी फुटते, तिच्या आतलं रसायन रक्तात सांडतं. डॉक्टरांचा आकडा म्हणजे ते सांडलेलं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "उसाच्या रसातली निम्मी साखर अशी आहे की ती यकृताशिवाय फारसं कुणी उचलत नाही. तू औषध म्हणून रोज चार ग्लास त्याच्याच डोक्यावर ओततोयस."

मी म्हणालो, पण बाई, डॉक्टर म्हणतात हे दारूचंच.

"माझे उंदीर काही गुत्त्यावर जात नाहीत," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझा डबा बाई तपासायला लागल्या. रस बंद, ग्लुकोज बंद, चहा बिनसाखरेचा. भाताच्या जागी भाकरी, डाळ, पालेभाजी आणि भाजीला थोडं तेल, हे बघून मी हादरलो. वाशीत गाडी लावल्यावर खाडीच्या बाजूनं तासभर चालायचं. मी बसमध्ये शिरलो की बाई टेप काढायच्या. दीड महिन्यात पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आकडा उतरला. पार नेहमीचा नाही, पण उतरला. डॉक्टर खूष झाले. माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "सोडलीस ना? शाबास." मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, फाइलसाठी आपल्या हातानं लिहून दे की मी दारू सोडली आहे आणि पुन्हा पिणार नाही, मग लगेच कायम करायला सांगतो.

मी लिहून दिलं.

कुणाला वाटेल, काय हा माणूस. पण माझ्या डोळ्यांपुढे बायको होती, कडेवर पोरगी होती आणि टेबलावर पेन होतं. एक खोटी ओळ लिहायची आणि सगळं मिळायचं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, सही केली आणि नारळ घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी विचारलं, कागदावर काय लिहून घेतलं? मी नक्कल दाखवली. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत दिली. नारळ घेतला नाही. संध्याकाळी त्या बसमध्ये चढल्या आणि सरळ शेवटच्या सीटवर जाऊन बसल्या.

पाच दिवस असं चाललं. माझ्यामागची सीट रिकामी. तिथं कुणी बसायलाही धजावत नव्हतं. मला गिअर टाकायला सुचेना. सहाव्या दिवशी बाईंनी मला उंदरांच्या खोलीत बोलावलं आणि पिंजऱ्यात दाणे घालत, माझ्याकडे न बघता सांगितलं.

त्यांची आई मिरजेची. तरुणपणी विधवा झाली, शरीरानं खूप स्थूल. आठवड्यातून तीन उपास, म्हणजे साबुदाणा, बटाटा, केळी, साखर घातलेलं दूध. शेवटी पोटात पाणी झालं. मुंबईच्या एका दवाखान्यात नेलं तेव्हा बाई कॉलेजात होत्या. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं, रोगाचं कारण दारू. जिनं दारूची बाटलीही पाहिली नव्हती तिला. मामांनी तो कागद वाचला आणि ते पुन्हा घरी आले नाहीत.

"आई मला विचारायची, काय गं लिहिलंय. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी सांगितलं, कावीळ लिहिलीय. ती गेली तेव्हा मामा का येत नाही हेच विचारत होती." बाईंनी पिंजऱ्याची कडी लावली. "तुझ्यावर मी रागावले नाहीये. पण त्या डॉक्टरांकडे उद्या दुसरा कुणी येईल. ते म्हणतील, बघ, मागच्या ड्रायव्हरनंही आधी नाहीच म्हटलं होतं."

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि म्हणालो की मी खोटं लिहिलंय, ते परत द्या. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अरे, मिळालंय ते घे. दारू सोडली नाहीस तर आकडा उतरला कसा? मी म्हणालो, रस सोडला म्हणून. ते हसले. तेव्हा माझ्या तोंडून काय निघून गेलं मलाच कळलं नाही. म्हणालो, पुन्हा पितो. रस. तुमच्या डोळ्यांसमोर पितो. आकडा चढला तर मानाल?

डॉक्टर हसायचे थांबले.

बाईंना कळलं तेव्हा त्या माझ्या अंगावर धावून आल्या. म्हणाल्या, तुझं यकृत माझ्या हट्टासाठी नाही, मी उंदीर पाळते, माणसं नाही. मी एवढंच म्हणालो, "बाई, माझ्या बापाच्या कागदावर जे लिहिलं होतं ते खरं होतं. माझ्यावर खोटं राहू देऊ नका." बाई म्हणाल्या, "तीन आठवडे. एक दिवस जास्त नाही."

ते तीन आठवडे मी कंपनीच्या दवाखान्यामागच्या खोलीत कंपाउंडरबरोबर राहिलो. तो रोज सकाळी माझं तोंड हुंगायचा आणि रक्त घ्यायचा. बसवर माझ्याशेजारी वॉचमन बसायचा. रस कळंबोलीहून कॅनमधून यायचा आणि कंपाउंडर त्यातला एक ग्लास स्वतः प्यायचा, तपासायला म्हणून. मला झोप नव्हती. आकडा चढला नाही तर बाई खोट्या पडतील. चढला आणि डॉक्टरांनी मानलं नाही तर मी दारुडाही ठरेन आणि नोकरीही जाईल. आपली तब्येत बिघडावी म्हणून देवाला हात जोडणारा तळोज्यात मी एकटाच असेन.

आकडा चढला. डॉक्टरांनी तो कागद, कंपाउंडरची रोजची नोंद आणि मागचे सगळे रिपोर्ट टेबलावर ओळीनं मांडले. बाई दारात उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांनी माझं लिहिलेलं फाडलं, फाइल ओढली, जुन्या शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: मद्यपान नाही. कारण अनिश्चित. कायम करण्यास हरकत नाही.

मी थोडा खट्टू झालो. एवढं करून अनिश्चित? पण बाईंनी फाइल हातात घेतली आणि तीच ओळ तीनदा वाचली. चष्मा काढला, पदरानं पुसला. म्हणाल्या, "मला माहीत नाही असं डॉक्टरांनी लिहिलेलं आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. आता शोधतील." मग माझ्याकडे वळून एकदम खेकसल्या की उद्यापासून भाकरी, आणि चालायला गेला नाहीस तर मीच फाइलवर लिहीन.

माझी माणसं त्याच वर्षी पावसाळ्याआधी आली. बाई मात्र बदलल्या नाहीत. माझ्या बायकोलाही त्यांनी नमस्काराच्या जागी काल काय जेवलीस तेच विचारलं.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी विचारलं, बाई, तुमचं कसं फेडू? बाई कधी संकोचायच्या नाहीत, पण तेव्हा संकोचल्या. म्हणाल्या, दारूला न शिवलेल्या, काय खाल्लं-प्यालं ते सगळं लिहून ठेवलेल्या माणसाचं यकृत कुणाकडे नाही. असं एखादं बघायला मिळालं तर खूप कळेल. पण हे काही मागणं नाही, आपलं सहज बोलले.

मी सहज ऐकलं नाही. तेव्हापासून मी काय खातो-पितो ते वहीत लिहितो. त्या वह्यांची आता एक पेटी भरलीय. देहदानाच्या फॉर्मवर सही केलीय, पोरीला सगळं समजावलंय. ती आधी रडली, मग साक्षीदार म्हणून तिनंच सही केली. बाई आता दापोलीला भाच्याकडे असतात, फार थकल्यात. त्यांना मी पत्रानं कळवलंय की बाई, तुमचं देणं मी एक दिवस नक्की फेडीन. तुम्ही असलात तर तुमच्या डोळ्यांनी बघा, नसलात तर तुम्ही शिकवलेली पोरं बघतील. फक्त जरा उशीर होईल, कारण यकृत चांगल्या हालतीत द्यायचं म्हणून मी अजून रोज तासभर चालतो.